गाठ काढली, पण फाईल बंद करू नका



धाकट्या मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडावयाचा उत्पन्नाचा दाखला सापडत नाही, म्हणून गेल्या हिवाळ्यात वढू बुद्रुकला एका घरी जाणे झाले. कोरेगाव भीमाहून आत वळले की भीमेच्या काठचे हे गाव, संभाजी महाराजांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले. घरातल्या वहिनींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि रेशनकार्ड, वीजबिले, मुलांची गुणपत्रके एकेक करून सतरंजीवर मांडली. त्यात एक जाड फाईल निघाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वरून रबर लावलेले, पिशवीवर धूळ.

माझे सारे आयुष्य कारकुनीत चालले आहे. फाईल दिसली की हात आपोआप शेवटच्या पानाकडे जातो. शेवटच्या नोंदीची तारीख पाहिल्याशिवाय प्रकरण कुठे अडले ते कळत नाही. पाहिले तर ऑपरेशन सहा वर्षांपूर्वीचे आणि शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची. त्या नोंदीखाली डॉक्टरांनी लिहिले होते की सहा महिन्यांनी परत यावे.

"वहिनी, ही फाईल कसली?"

"ते व्हय भाऊजी, गळ्याचं. टाटाला न्हेलं हुतं न्हवं मला. गाठ काढली, मागनं ते औषध पाजलं, झालं की. आता काय न्हाई."

"आणि हे परत यावे म्हणून लिहिले आहे, त्याचे काय?"

वहिनींनी मुलीकडे पाहिले. मुलगी उठून आत गेली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पोरीला स्थळं येत्यात भाऊजी. आईला टाटाला न्हेत्यात म्हनल्यावर दारात कोन उभं ऱ्हाईल?"

त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहावयास घेतला. वहिनींना विचारून लिहितो आहे. त्यांचे नाव, वय, आळी काही देत नाही आणि गावातल्या वाचकांनी अंदाज बांधत बसू नये ही विनंती.

आपल्याकडे 'टाटाला नेले' या दोन शब्दांचा अर्थ एकच होतो. रोगाचे नाव कुणी उच्चारीत नाही, परळच्या रुग्णालयाचे नाव घेतले की समोरचा मान खाली घालतो. म्हणून माणूस बरा होऊन परत आला, चालू-बोलू लागला, शेतावर जाऊ लागला, की घरातली सगळी मंडळी मिळून ते नाव पुसून टाकतात. त्यात वाईट हेतू नसतो, पण नावाबरोबर फेरतपासणीही पुसली जाते आणि नुकसान तिथे होते.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराचा गाडा किती वेगाने चालावा हे तिच्या रसावर ठरते. हिचा कॅन्सर स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे तिपटीने आढळतो. त्याचे प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळणारा पॅपिलरी, त्यानंतर फॉलिक्युलर. हे दोन्ही सहसा सावकाश वाढणारे आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रुग्ण पुढे अनेक वर्षे नीट जगतात. मेड्युलरी हा तिसरा प्रकार कमी आढळतो, आणि त्यातले सुमारे चारांतील एक प्रकरण आनुवंशिक असते, म्हणून तिथे भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते. वहिनींच्या फाईलमध्ये पॅपिलरी लिहिले होते. तो बहुतांशी आईकडून मुलीकडे जात नाही. हे मी त्यांना तिथेच सांगितले, आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले.

पण सावकाश वाढणाऱ्या या रोगाची एक खोड आहे. तो परततो तोही सावकाश. बहुतेकदा पहिल्या काही वर्षांत, पण कधी दहा वर्षांनी, कधी वीस वर्षांनीसुद्धा. मानेतल्या एखाद्या लसीकाग्रंथीत बारीकसा दाणा होऊन बसतो. दुखत नाही, दिसत नाही, भूक मारत नाही. तो तपासणीत सापडला तर उपचार सोपे असतात. आपल्याला काही होत नाही म्हणून तपासणीला जायचे नाही, हा हिशेब या रोगाला लागू पडत नाही.

परत बोलावून पाहण्याची ही रीत कशी सुरू झाली, त्याची एक हकिकत वाचनात आली होती ती सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे थिओडोर कोखर नावाचे शल्यविशारद होते. तिथल्या डोंगराळ भागात गलगंड फार. त्याच्या शस्त्रक्रियेत कोखर यांचा हात इतका साफ, की ज्या ऑपरेशनमध्ये पूर्वी माणसे टेबलावरच दगावत, ते त्यांच्याकडे सुखरूप पार पडू लागले. १८७४ साली त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची अख्खी ग्रंथी काढली. जखम भरली, मुलगी घरी गेली. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरांकडून कळले की मुलगी पूर्वीची राहिली नाही, मंद झाली आहे. तेव्हा कोखर यांनी ऑपरेशन केलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून घेतले. ज्यांची थोडी ग्रंथी शिल्लक होती ते ठीक होते. ज्यांची संपूर्ण काढली होती त्यातले बहुतेक सुजलेले, थकलेले, बोलण्यात जड झालेले. त्या मुलीची वाढ तर अशी खुंटली होती की धाकटी बहीण तिच्यापेक्षा उंच झाली होती. दोघींचे शेजारी शेजारी उभ्या असलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. १८८३ साली कोखर यांनी हे सारे स्वतः जाहीर केले आणि शक्यतो अख्खी ग्रंथी काढायची नाही असे ठरविले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्वतःच्या हातून झालेली हानी ज्याने शोधून काढली, त्याचा हा गौरव. रुग्ण परत आले नसते तर थायरॉईड कशासाठी असते हे कळायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे.

पुढे १८९१ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी थायरॉईडचा रस आटलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क देऊन पाहिला. बाई सुधारली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. तेवढ्या वर्षांत तिला आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! १९२७ साली हा रस प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागला. आज वहिनींच्या फळीवरच्या लहानशा बाटलीत थायरॉक्सिनची जी पांढरी गोळी आहे, तिच्यामागे एवढे सगळे आहे.

आता त्या गोळीकडे येतो, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो.

वहिनींना विचारले, गोळी कशी घेता? म्हणाल्या, "सकाळी च्या संगं. च्या आन् दोन्ही गोळ्या." दोन्ही म्हणजे एक थायरॉईडची आणि एक कॅल्शियमची. पहाटे पाणी भरायचे, डबा करायचा, यजमानांना सणसवाडीच्या पाळीला धाडायचे, त्या गडबडीत सगळे एका घोटात. चार वर्षे असेच चाललेले.

भगिनींनो, ही गोळी फार मानी आहे, तिला पोटात सोबत चालत नाही. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियम आणि रक्तवाढीची लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. आम्लपित्ताच्या काही औषधांचेही तसेच. ही एकत्र घेतली तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही, पैसे आणि गोळी दोन्ही वाया. उठल्या उठल्या चूल पेटविण्याआधी गोळी घ्यावी, नाहीतर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी. पौर्णिमेचा उपोसथ असो की कसलाही उपवास, गोळीला सुटी नाही. एखाद्या दिवशी विसरली तर आठवण होताच घ्यावी, त्यासाठी सबंध आठवडा सोडून देऊ नये.

बाटलीवरचा आकडा वाचावयास शिकावे. पंचवीस, पन्नास, शंभर असे मायक्रोग्रॅम असतात आणि बाटल्या एकसारख्या दिसतात. मेडिकलमध्ये "ही कंपनी नाही, ही घ्या" म्हणाले तर आकडा तोच आहे का ते पाहावे, आणि कंपनी बदललीच तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घालावे. ही गोळी काही महाग औषधांपैकी नव्हे. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात फळी तापते, तेव्हा बाटली सावलीत, कोरड्या जागी ठेवावी.

ऑपरेशननंतर बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या येणे, हातपाय वळणे हे कॅल्शियम उतरल्याचे लक्षण असते. थायरॉईडला चिकटून चार बारीक ग्रंथी असतात, त्या कॅल्शियम सांभाळतात, त्यांना ऑपरेशनमध्ये धक्का पोहोचू शकतो. पुष्कळांचे हे काही दिवसांत सुधारते, काहींना कायम गोळ्या लागतात. तेव्हा "मुंग्या थांबल्या, कॅल्शियम बंद केले" असे आपणच ठरवू नये. आवाज बसला असेल तर तेही सांगावे. बाई गाणे म्हणायची ती आता म्हणत नाही, ही गोष्ट घरात कुणाला सांगण्यासारखी वाटत नाही, पण डॉक्टरांना ती उपयोगाची असते.

आता रक्ततपासणी. टीएसएच हा शब्द हल्ली खेड्यातही सर्वांना ठाऊक झाला आहे, पण त्यामुळेच एक गैरसमज बोकाळला आहे. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी थायरॉईडला कामाला लावण्यासाठी जो हुकूम सोडते तो म्हणजे टीएसएच. कॅन्सरच्या काही पेशी कुठे शिल्लक असतील तर त्याही हाच हुकूम ऐकून वाढू शकतात. म्हणून ज्यांचा धोका जास्त, त्यांचा टीएसएच डॉक्टर मुद्दाम दाबून ठेवतात, ०.१ च्याही खाली. धोका कमी असेल, तपासण्या चांगल्या येत असतील, तर ०.५ ते २ च्या आसपास पुरतो. साध्या थायरॉईडच्या शेजारणीचा आकडा आणि आपला आकडा म्हणून जुळत नाही.

एका बाईंच्या बाबतीत असे झाले की ताप आला म्हणून जवळच्या दवाखान्यात गेल्या, तिथे रिपोर्ट पाहून "थायरॉईड जास्त झाला आहे" म्हणत गोळी निम्मी केली. डॉक्टरांचा दोष तरी काय म्हणावा? कॅन्सरचे ऑपरेशन झाले आहे हे बाईंनी सांगितलेच नव्हते, मानेवरचा व्रण पदराखाली. लपविण्याची किंमत अशी कुठेही, कधीही वसूल होते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. टीएसएच वर्षानुवर्षे फार दाबला तर हृदयाचे ठोके अनियमित होणे, पाळी गेलेल्या बायकांची हाडे ठिसूळ होणे असे त्रास होतात. पहिल्या दोन वर्षांत ठरलेला डोस म्हणून जन्माला पुरत नाही. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावयाचे, कारण या गोळीचा परिणाम स्थिर व्हायला तेवढा काळ जातो. बायका केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेतात, त्यामुळे काही रिपोर्ट चुकीचे येतात. रक्त देण्याआधी त्या किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारावे.

दुसरी तपासणी थायरोग्लोब्युलिनची. बी.कॉम.च्या माणसाला ही लगेच कळते. हा पदार्थ थायरॉईडच्या पेशीच तयार करतात, दुसरे कोणी नाही. अख्खी ग्रंथी काढली, उरलेसुरले आयोडीनने जाळले, म्हणजे खाते बंद झाले. बंद खात्यात शिल्लक दिसावयास नको. दिसली आणि दर खेपेला वाढत गेली, तर कुठेतरी कुणीतरी व्यवहार करते आहे, ते शोधले पाहिजे. यात दोन मेख आहेत. काहींच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिद्रव्ये असतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो, म्हणून ती चाचणी बरोबरच करतात. आणि आकड्यांची तुलना करायची तर शक्यतो एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यावे, ज्याच्या त्याच्या मापाचा फरक पडतो. तिसरी तपासणी मानेची सोनोग्राफी, सुरुवातीला सहा-बारा महिन्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी.

वहिनी म्हणाल्या ते 'पाजलेले औषध' म्हणजे किरणोत्सारी आयोडीन. यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले. त्याआधी वर्षभर, १९६२ साली, टाटा रुग्णालयही अणुऊर्जा विभागाकडे आले होते. अणूचे नाव काढले की लोकांना बॉम्ब आठवतो. त्याच विद्येतून परळला गोरगरिबांच्या गळ्याच्या कॅन्सरवर उपचार होत आले, हे आपल्या पोरांना शाळेत सांगायला हवे. थायरॉईडच्या पेशी शरीरातले आयोडीन ओढून घेतात. तेव्हा किरणोत्सारी आयोडीन प्यायला दिले की ते नेमके त्या पेशींत जाऊन बसते, त्या मानेत असोत की फुप्फुसात, आणि त्यांना आतून मारते.

त्याआधी पेशी उपाशी ठेवाव्या लागतात. तीन-चार आठवडे थायरॉईडची गोळी बंद. हे दिवस कठीण. अंग सुजते, थंडी वाजते, रडू येते, काम होत नाही. घरच्यांनी हे आळस समजू नये, गोळी सुरू झाली की उतरते. एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेले जेवण. आपल्याकडे बाजारातले खाण्याचे मीठ आयोडीनचे, तेव्हा कोणते मीठ वापरावे हे रुग्णालय सांगेल तसेच करावे. सुके बोंबील, सुकट आणि समुद्राची मासळी त्या दिवसांत नाही. रंगीत औषध टोचून केलेला सीटी स्कॅन अलीकडे झाला असेल तर तेही आधी सांगावे, त्या औषधात आयोडीन असते.

डोस दिल्यावर काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. लघवीतून पुष्कळसे आयोडीन बाहेर पडते, म्हणून तिथले सांडपाणीसुद्धा टाक्यांत साठवून, त्याचा जोर ओसरल्यावरच सोडतात. या आयोडीनचा जोर आठ दिवसांत निम्मा होतो, सोळा दिवसांत पाव, चोवीस दिवसांत दोन आणे. घरी आल्यावर ठरलेले दिवस लहान मुले आणि गरोदर बाई यांच्यापासून दूर राहायचे, वेगळे झोपायचे, ताट-वाटी वेगळी ठेवायची, संडासात भरपूर पाणी ओतायचे.

ताट वेगळे. हे वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या पोटात कालवाकालव झाली असेल. वहिनींच्या घरी तेच झाले. सासरे तेव्हा ऐंशीच्या घरात. रुग्णालयाचा कागद मुलीने वाचून दाखविला, तसे म्हातारे उठून बसले. "येगळं ताट म्या लई बघितलंय. हाटेलात येगळा कप, इहिरीवर येगळं पानी. माझ्या घरात माज्या सुनंला येगळं ताट? न्हाई व्हायचं." आणि कागद फेकून दिला. कुणाला बोलता येईना. शेवटी नातीने कागद उचलला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "आज्या, त्या ताटाला तारीख नव्हती. ह्याला हाये, बघ." भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने तारखेभोवती गोल काढला. म्हातारे रोज सकाळी काठीने ते कॅलेंडर दाखवून किती राहिले ते विचारीत. गोलाच्या दिवशी दुपारी त्यांनी सुनेला समोर बसविले आणि एकाच ताटात भाकरी मोडली. ते आता हयात नाहीत.

शेजारच्या एका घरात मात्र तारीख उलटून महिना झाला तरी वहिनींच्या हातचा चहा कुणी घेत नव्हते. वहिनींनी मला हे सांगितले ते हसत, पण विसरलेल्या नाहीत. कॅन्सर शिवल्याने होत नाही. आयोडीनचे अंतर तेवढ्या दिवसांपुरते, आणि ते किती दिवसांचे हे डोसवर अवलंबून असते व कागदावर लिहून मिळते. त्यापुढे जे अंतर ठेवतात, त्याला वैद्यकशास्त्रात आधार नाही.

तरुण सुनांसाठी एक गोष्ट. डोस घेतल्यावर सहा महिने ते वर्षभर दिवस राहू देऊ नयेत, अंगावर पाजत असल्यास ते डोसच्या पुष्कळ आधी बंद करावे लागते. पुढे दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण गरोदरपणात गोळी वाढवावी लागते. मूल होणार नाही म्हणून कुणी टोचून बोलत असेल तर ते खोटे आहे.

खर्चाचे म्हणाल तर २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. ऑपरेशनपुरते न थांबता, पुढच्या तपासण्यांची तरतूद आपल्या उपचाराला लागू आहे का, हे त्याला स्पष्ट विचारावे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला व बरोबरच्या एका माणसाला तपासणीच्या प्रवासासाठी सवलत आहे, रुग्णालयाच्या ठरावीक फॉर्मवर सही-शिक्का घ्यावा लागतो. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहेच. मुक्कामाची वेळ आली तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांच्या ओळखीची आहे. पण आयोडीन घेऊन निघालेल्या रुग्णाने मुक्काम आणि गर्दीची गाडी याबद्दल आधी रुग्णालयातच विचारावे.

फाईलबद्दल माझा अधिकार असल्यामुळे थोडे ठासून सांगतो. ऑपरेशनची टिपणी, गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, आयोडीनचा डोस किती व कधी दिला तो कागद, यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एक संच नातेवाइकाकडे ठेवावा. पाऊस, उंदीर, वाळवी ही आपल्या घरची नेहमीची मंडळी. फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक कागद डकवून त्यावर तारीख, टीएसएच, थायरोग्लोब्युलिन, गोळीचा आकडा अशा चार रकाने आखावेत. डॉक्टर बदलले तरी एका नजरेत सारे दिसते. आणि फाईल पेटीच्या तळाशी ठेवू नये.

वहिनींना घेऊन जाण्याचे ठरले. मिळालेली पहिली तारीख १ जानेवारीची. त्या दिवशी विजयस्तंभाला लाखो लोक येतात, नगर रस्त्याची वाहतूक वळवतात, आमच्या भागातला कुणी बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती पुढे ढकलून घेतली. मग भल्या पहाटे निघालो. वाघोलीची गर्दी व्हायच्या आत पुणे स्टेशन, तिथून गाडीने दादर. वहिनी, त्यांचे यजमान, मी, आणि ऐनवेळी कपडे करून दारात उभी राहिलेली मुलगी. आईने "तू कशाला?" म्हणताच ती म्हणाली, "ज्याला यायचंय त्यानं हे कळूनच यावं." गाडीत त्यावर कुणी काही बोलले नाही.

टीएसएच नऊच्या वर निघाला. जो दाबून ठेवायचा तो चार वर्षे चहा आणि कॅल्शियमने वर चढवून ठेवलेला. थायरोग्लोब्युलिन थोडे दिसले, पण टीएसएच एवढा चढलेला असताना त्या आकड्याचा निवाडा करता येत नाही असे डॉक्टर म्हणाले. सोनोग्राफीत मानेच्या डाव्या बाजूला काही मिलिमीटरची एक लसीकाग्रंथी आहे. आज तिचे रूप संशयाचे नाही, पण लक्ष ठेवायचे. डॉक्टर रागावले नाहीत. गोळीचा डोस तोच ठेवला, घेण्याची रीत तेवढी बदलून दिली आणि ती मुलीकडून दोनदा वदवून घेतली. परतीच्या गाडीत वहिनी बराच वेळ गळ्याच्या डाव्या बाजूला बोट लावून बसल्या होत्या.

आता आठ आठवड्यांनी रक्त द्यायचे, ते पुण्यात देऊन रिपोर्ट पाठविला तरी चालेल. सहा महिन्यांनी पुन्हा परळ. फाईल सध्या कपाटावर, घड्याळाखाली असते. रक्ताची तारीख मंगळवारची आली आहे, यजमानांना पाळी आहे, मुलीने कामावर अर्ज देऊन ठेवला आहे.